प्रतिपिंडांचे आकारमान आणि त्याची रुजवात



ज्या वैद्यकव्यवसायी सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचे उभे आयुष्य औषध देण्यात गेले. तेव्हा कुपीवर छापलेले नाव आणि कुपीतील द्रव्य या दोहोंचे नाते कोण ठरवितो, कोणत्या साधनांनी ठरवितो आणि त्या निर्णयावर आपण कितपत विसंबून राहावे, हा प्रश्न त्यांच्याच नावाने भरलेल्या सभेत विचारणे अप्रस्तुत होणार नाही, अशी माझी समजूत आहे. त्यातही आज मी निवडलेला भाग अगदी संकुचित आहे. कर्करोग, संधिवात, पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश अशा नाना व्याधींवर आज जी प्रतिपिंडे, म्हणजे वृत्तपत्रांच्या भाषेत अँटिबॉडीज, औषध म्हणून टोचली जातात, त्यांची आकारमानानुसार विभागणी कशी करतात, एवढेच मला सांगावयाचे आहे. विषय संकुचित असला म्हणजे त्याचा तळ दिसण्याची थोडीफार आशा असते, हे या निवडीचे समर्थन.

अ‍ॅस्पिरिनसारख्या जुन्या औषधाचा रेणू सुमारे १८० डाल्टन वजनाचा. तो रसायनशाळेत घडविता येतो आणि एका गोळीतील प्रत्येक रेणू दुसऱ्याशी हुबेहूब जुळतो. प्रतिपिंडाचा रेणू सुमारे दीड लक्ष डाल्टनांचा. तो चार प्रथिनशृंखलांचा बनलेला असतो: प्रत्येकी सुमारे पन्नास हजार डाल्टनांच्या दोन जड शृंखला आणि प्रत्येकी सुमारे पंचवीस हजारांच्या दोन हलक्या. गंधकाच्या अणूंच्या जोड्या, म्हणजे डायसल्फाइड बंध, त्यांना एकत्र बांधून ठेवतात, आणि प्रत्येक जड शृंखलेवर शर्करांचा एक लहानसा झुबका लटकलेला असतो. असा रेणू काचपात्रात घडविणे व्यवहार्य नाही. तो जिवंत पेशींकडून, बहुधा चिनी हॅमस्टर नावाच्या मूषकवर्गीय प्राण्याच्या बीजकोशापासून वाढविलेल्या पेशींकडून, करवून घ्यावा लागतो, आणि सजीवाच्या हातून निघालेल्या मालात जी विविधता अटळ असते ती येथेही अटळ असते. कुपीतील द्रावणात बहुसंख्य रेणू सुटे व अखंड असतात. काही दोन-दोन जुळून गेलेले असतात, क्वचित अनेकांचा मिळून एक पुंज झालेला असतो. काहींची हलकी शृंखला निखळलेली असते, तर काही, ज्या लवचिक भागाला बिजागरी म्हणतात तेथे, तुटलेले असतात. या सर्वांचे प्रमाण काढणे हे आकारमानाच्या तपासणीचे काम होय. माझे म्हणणे एवढेच आहे, की हे प्रमाण कोणतेही एक साधन निखालसपणे सांगू शकत नाही. प्रत्येक साधन रेणूला आपल्या रीतीने छेडते, आणि त्यातून आलेले उत्तर अंशतः रेणूचे व अंशतः साधनाचे असते. म्हणून परस्परांशी संबंध नसलेल्या दोन-तीन रीतींच्या उत्तरांची रुजवात घातल्यावाचून औषधाच्या शुद्धतेचा दाखला देणे अनुचित होय.

प्रतिपिंडांच्या आकाराचा प्रश्न त्यांच्या औषधी उपयोगाइतका जुना नाही. १८९० साली बेहरिंग आणि कितासातो यांनी बर्लिनमध्ये असे दाखविले, की धनुर्वाताच्या विषाचा प्रतिकार करणारी शक्ती प्रतिकारक्षम झालेल्या प्राण्याच्या रक्तजलात असते आणि ती त्या रक्तजलाबरोबर दुसऱ्या प्राण्यात संक्रमित करता येते. त्यानंतर घोड्यांना विष थोड्याथोड्या मात्रेने टोचून त्यांचे रक्तजल रुग्णास देण्याचा प्रघात जगभर पडला. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेने सर्पविषावरील जी लस खेड्यापाड्यांतील दवाखान्यांपर्यंत पोहोचविली तीही याच कुळातली. रक्तजल रोग्यास वाचवी. परंतु कधी कधी आठ-दहा दिवसांनी त्याला ताप, पुरळ आणि सांधेदुखी यांनी हैराण करी. या विकाराचे सविस्तर वर्णन फॉन पिर्के आणि शिक या दोन वैद्यांनी १९०५ साली केले. इतके होऊनही रक्तजलातील ते गुणकारी द्रव्य म्हणजे नेमके काय आणि त्याचा रेणू केवढा, याचा ठाव लागलेला नव्हता, कारण तो लावण्याचे साधनच अस्तित्वात नव्हते.

ते साधन स्वीडनमधील उप्साला या लहानशा विद्यापीठनगरीत निर्माण झाले. थिओडोर स्वेडबर्ग याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात असा केंद्रोत्सारक बनविला, की ज्याच्या प्रचंड गतीमुळे द्रावणातील प्रथिने तळाकडे सरकू लागत आणि त्यांचे सरकणे चालू असतानाच प्रकाशाच्या साह्याने टिपता येई. मोठा व घट्ट रेणू लवकर सरकतो, लहान वा विस्कटलेला रेणू रेंगाळतो. या वेगाचे माप आजही स्वेडबर्गच्याच नावाने ओळखले जाते. अमेरिकेतून उप्सालास गेलेल्या मायकेल हायडेलबर्गर याने स्वेडबर्गच्या प्रयोगशाळेतील पेडरसन याच्या सहकार्याने १९३७ साली प्रतिपिंडांचे रेणुभार प्रसिद्ध केले. सशाचे प्रतिपिंड दीड लक्षाच्या आसपासचे निघाले. घोड्याचे मात्र त्याच्या कित्येक पट मोठे. एकाच कामाची दोन द्रव्ये आकाराने इतकी भिन्न असू शकतात, हे त्या दिवशी प्रथम उमगले. स्वेडबर्गचाच शिष्य आर्ने टिसेलियस याने विद्युत्क्षेत्रात प्रथिने वेगळी करण्याची रीत सिद्ध केली आणि १९३९ साली काबात याच्या सहकार्याने प्रतिपिंडे रक्तजलाच्या गॅमा ग्लोब्युलिन या भागात असतात हे दाखविले. पुढे टिसेलियसच्या हाताखाली येर्केर पोराथ तयार झाला. त्याच्याविषयी मी लवकरच बोलणार आहे. रेणूंना आकारमानाने वेगळे करण्याच्या कित्येक रीती ज्या एका गुरुपरंपरेतून निघाल्या ती अशी तीन पिढ्यांची आणि एकाच गावची आहे. विज्ञानाच्या इतिहासात असे योग फारसे आढळत नाहीत.

रेणूची अंतर्रचना उलगडण्याचे श्रेय लंडनमधील रॉडनी पोर्टर आणि न्यूयॉर्कमधील जेरल्ड एडलमन यांचे. १९५९ च्या सुमारास पोर्टरने पपईच्या चिकातील पपेन या विकराने सशाच्या प्रतिपिंडाचे तीन तुकडे केले आणि एडलमनने गंधकाचे बंध तोडून त्याच्या शृंखला सुट्या केल्या. दोघांना १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच पेशीकुळाकडून एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके काढण्याची युक्ती प्रसिद्ध केली, आणि १९८६ साली मूत्रपिंडारोपणाच्या रुग्णांसाठी त्या कुळीतील पहिल्या औषधास अमेरिकेत परवानगी मिळाली. तेथून पुढची हकिकत आपण सर्व जाणता.

आता कोणी विचारील, की शेकडा एक-दोन रेणू जुळून गेले वा तुटले म्हणून काय बिघडले? याचे उत्तर दोन जुन्या अनुभवांत आहे, आणि ते मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण त्यावाचून पुढील सारा खटाटोप निरर्थक भासेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्ड येथे एडविन कोन याने मानवी रक्तद्रवातील प्रथिने थंड मद्यार्काच्या योगाने विभागण्याची रीत बसविली आणि गॅमा ग्लोब्युलिन विपुल प्रमाणात हाती येऊ लागले. स्नायूत टोचले असता ते निर्धोक ठरे. पण तेच शिरेतून दिले असता काही रुग्णांना थंडी वाजून येई, रक्तदाब खाली येई, आणि प्रसंगी प्राणावरही बेते. द्रव्य तेच, मात्रा तीच, मग मार्ग बदलल्याने इतका फरक का? १९६२ साली स्वित्झर्लंडमधील बारांडुन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा छडा लावला: शुद्धीकरणाच्या ओघात काही रेणूंचे पुंज बनतात, आणि असे पुंज रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाच्या संरक्षक यंत्रणेस विनाकारण चेतवितात. दोष प्रथिनाच्या जातीत नव्हता, त्याच्या जमावात होता. त्याच वर्षी ड्रेसर नावाच्या संशोधकाने गोवंशाच्या गॅमा ग्लोब्युलिनवर प्रयोग केला. केंद्रोत्सारकाने पुंज काढून टाकलेले द्रावण टोचले असता उंदरांची प्रतिकारयंत्रणा त्या परक्या प्रथिनाविषयी उदासीन झाली, इतकी की पुढे तेच प्रथिन चेतकद्रव्यासह दिले तरी ती जागी होईना. पुंजांसह दिलेले प्रथिन मात्र तिला खडबडून उठवी.

याचे कारण आज बरेचसे समजले आहे. विषाणू व जंतू यांच्या पृष्ठभागावर एकच आकृती पुनःपुन्हा ओळीने मांडलेली असते, आणि अशी पुनरावृत्ती दिसली की शरीर ती शत्रूची खूण समजते. सुट्या प्रतिपिंडात ती नसते, पुंजात असते. औषधाविरुद्ध शरीरानेच प्रतिपिंडे निर्माण करावीत आणि औषध निष्प्रभ व्हावे, ही अशा उपचारातील मोठी आपत्ती होय. पुंज तिला आमंत्रण देतात. तुटलेल्या रेणूंचा उपद्रव निराळ्या जातीचा आहे: ते रक्तात कमी काळ टिकतात आणि बिजागरीखालचा भाग गमावलेले तुकडे निम्मेच काम करतात. परिचारिकेने कुपी जोराने हलवू नये, औषध गोठू देऊ नये, २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावे, अशा ज्या सूचना वेष्टणावर असतात त्यांचे मर्म यातच आहे. हलविल्याने द्रावणात हवेचे बुडबुडे शिरतात, हवा व पाणी यांच्या सीमेवर प्रथिनाची घडी विस्कटते, आणि विस्कटलेली प्रथिने एकमेकांस चिकटतात.

या विभागणीची जी रीत आज जगभरच्या औषधशाळांत रोज चालते ती आकारबहिष्करण क्रोमॅटोग्राफी ही होय. तिची जन्मकथा मनोरंजक आहे. चौथ्या-पाचव्या दशकांत उप्साला येथे बीटच्या साखरेचा बुळबुळीत झालेला रस तपासताना डेक्स्ट्रान या द्रव्याचा अभ्यास सुरू झाला. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडील कारखानदारांना हे द्रव्य परिचयाचे आहे. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की जंतू त्यातील साखरेचे जे चिकट रूपांतर करतात आणि ज्यापायी साखरेचा उतारा घटतो, ते हेच. स्वीडनमधील फार्मासिया कंपनीने त्यापासून रक्तद्रवाची उणीव भरून काढणारे औषध बनविले. पुढे पोराथ आणि पेर फ्लोदिन यांना असे दिसून आले, की डेक्स्ट्रानचे धागे एकमेकांत बांधून तयार केलेल्या मऊ कणांच्या नळीतून प्रथिने सोडली असता ती आकारमानाच्या क्रमाने बाहेर पडतात. १९५९ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला आणि सेफाडेक्स या नावाने ते कण बाजारात आले.

रीतीचे तत्त्व असे. नळीत सूक्ष्म रंध्रांनी भरलेले कण ठासलेले असतात. पुण्याच्या एखाद्या पेठेतून मिरवणूक चालली असता हत्तीला बोळात शिरता येत नाही म्हणून तो हमरस्त्याने सरळ पुढे निघून जातो, आणि पोरे प्रत्येक बोळात डोकावत येतात म्हणून मागे राहतात. तद्वत पुंज आधी बाहेर पडतात, त्यांच्यामागून जुळे रेणू, मग सुटे रेणू आणि सर्वांच्या शेवटी तुकडे. मोठा तो आधी, हा क्रम प्रथम ऐकणाऱ्यास उलटा वाटतो. आजच्या नळीत डेक्स्ट्रानऐवजी सिलिकाचे टणक कण असतात. नळी साधारणतः तीस सेंटिमीटर लांब आणि सुमारे पावणेआठ मिलिमीटर आतील व्यासाची, कण पाच मायक्रॉनांच्या आसपासचे. नव्या नळ्यांत ते दोन मायक्रॉनांहूनही बारीक असतात आणि अर्ध्या तासाचे काम काही मिनिटांत उरकते. बाहेर पडणाऱ्या द्रवातून २८० नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश सोडतात. प्रथिन तो शोषून घेते आणि कागदावर शिखरे उमटतात. सुट्या रेणूंचे उत्तुंग शिखर, त्याच्या डावीकडे पुंजांची बारीक टेकाडे, उजवीकडे तुकड्यांची; त्यांची क्षेत्रफळे मोजली की शेकडेवारी तयार होते. परिणत औषधात सुट्या रेणूंचे प्रमाण बहुधा शेकडा पंच्याण्णवाच्या बरेच वर असते.

इतकी सुबक आणि स्वस्त रीत हाती असता आणखी कशाला हवे, असे वाटणे साहजिक आहे, आणि नेमका येथेच सावधपणा हवा. तत्त्व असे सांगते, की रेणू व कण यांचे कोणतेही देणेघेणे असू नये. रेणूने केवळ जागा शोधावी. व्यवहारात सिलिकेच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, प्रतिपिंडे बहुधा धनभारित असतात, आणि त्यांची परस्परांवर आसक्ती जडते. काही प्रतिपिंडांना तेलकट पृष्ठभागांचेही आकर्षण असते. मग रेणू आपल्या आकाराच्या मानाने उशिरा बाहेर येतो आणि अंगापेक्षा लहान भासतो, किंवा शिखराला लांब शेपूट फुटते, किंवा पुंज नळीतच चिकटून राहतात आणि औषध आहे त्याहून शुद्ध दिसते. हे टाळण्यासाठी वाहक द्रवात मीठ घालतात, कोणी आर्जिनिन हे अमिनो आम्ल घालतात. परंतु मीठ फार झाले तर तेलकट आकर्षण वाढते, आणि बदललेल्या द्रवात सैल जुळलेले रेणू सुटेही होऊ शकतात. शिवाय कुपीतील औषध कधी कधी दर मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅमांहून घट्ट असते, आणि नळीत शिरताच ते कितीतरी पट पातळ होते. केवळ दाटीमुळे जोडी करून असलेले रेणू त्या पातळपणात विभक्त होतात. सारांश, मोजण्याच्या क्रियेनेच मोजावयाची वस्तू बदलते. विवेकी विश्लेषक यावर निदान एक साधा उपाय करतो: तितकेच प्रथिन नळीवाचून थेट प्रकाशमापकातून सोडतो आणि आत गेलेले सर्व बाहेर आले की नाही याचा ताळा पाहतो. ही साधी तपासणी न करता शुद्धतेचे आकडे छापणारे लेख मी वाचले आहेत, आणि त्यांच्याविषयी माझे मत अनुकूल नाही.

दुसरी रीत मूलतः निराळ्या विचारावर उभी आहे. येथे रेणूला त्याच्या नैसर्गिक आकृतीत ठेवण्याचा आग्रह नसतो. उलट ती आकृती मुद्दाम मोडली जाते. सोडियम डोडेसिल सल्फेट हे साबणासारखे द्रव्य प्रथिनाबरोबर तापविले असता त्याची घडी उलगडते आणि प्रथिनाच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे १.४ ग्रॅम या प्रमाणात ते शृंखलेस लपेटून बसते. त्यामुळे सर्व प्रथिनांवर लांबीच्या प्रमाणात ऋणभार येतो, त्यांचे मूळचे स्वभावभेद झाकले जातात, आणि विद्युत्क्षेत्रात जेलच्या जाळीतून ती केवळ लांबीनुसार पुढेमागे होतात. ही युक्ती पुढे अनेकांनी सुधारली; पण ज्या स्वरूपात ती जगभर रूढ झाली ते स्वरूप केंब्रिज येथे उलरिक लेम्ली याने १९७० साली दिले. त्याच्या लेखाचा विषय एका जंतुभक्षक विषाणूच्या मस्तकाची घडण हा होता. विषाणूच्या मस्तकाविषयी त्याने काय लिहिले ते आज थोड्यांच्या स्मरणात असेल. जेलची रीत मात्र रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गिरवीत आल्या आहेत.

जेल घडवावे, रात्रभर रंगवावे, धुवावे आणि निळ्या पट्ट्यांकडे पाहून अंदाज बांधावा, ही हस्तकला औषधाच्या दैनंदिन तपासणीस अपुरी पडे. १९८१ साली अमेरिकेत जॉर्गन्सन आणि लुकाक्स यांनी केसाएवढ्या बारीक काचनलिकेत विद्युत्-विभागणी करून दाखविली आणि त्या मार्गाने पुढे ही जुनी रीत केशनलिकेत उतरली. सुमारे पन्नास मायक्रॉन आतील व्यासाच्या नलिकेत जेलऐवजी बहुवारिकाचे दाट द्रावण भरतात, प्रत्येक नमुन्यानंतर ते बदलतात, दर सेंटिमीटरला काही शे व्होल्टांचा दाब लावतात आणि टोकाशी प्रकाशाने मोजतात. येथे लहान तो आधी, म्हणजे पहिल्या रीतीच्या उलट क्रम. गंधकबंध शाबूत ठेवून तपासले तर निखळलेल्या हलक्या शृंखला आणि अपूर्ण जुळणीचे रेणू उघड होतात. बंध तोडून तपासले तर हलकी व जड अशी दोन शिखरे मिळतात, आणि जड शृंखलेच्या किंचित पुढे, शर्करेचा झुबका नसलेल्या जड शृंखलेचे एक चिमुकले शिखर दिसते. हा भेद पहिल्या रीतीच्या आवाक्यातील नव्हे. परंतु या रीतीचाही अपराध आहे, आणि तो नमुना तापविण्याच्या क्षणी घडतो: रेणूतील मोकळे गंधक उष्णतेने शेजारच्या बंधांवर घसरतात, बंधांची अदलाबदल होते, आणि मुळात अखंड असलेला रेणू आपल्याच हाताने तुटतो. म्हणून तापविण्याआधी आयोडोअ‍ॅसिटामाइडसारख्या द्रव्याने मोकळे गंधक बांधून टाकतात. ते न करता काढलेली तुकड्यांची शेकडेवारी औषधाची नसते, स्वयंपाकाची असते. आणि साबणाने सैल पुंज विरघळून जातात, म्हणून पुंजांविषयी ही रीत जवळजवळ मुकी आहे. केवळ पक्क्या बंधांनी जखडलेले पुंजच तिला दिसतात.

तेव्हा एक रीत पुंज सांगते पण त्यांतले काही गिळते. दुसरी तुकडे सांगते पण त्यांतले काही स्वतः निर्माण करते. रुजवातीसाठी तिसरा साक्षीदार हवा, आणि तो म्हणजे स्वेडबर्गचाच केंद्रोत्सारक, आता गणकयंत्राच्या जोडीने. त्यात ठासलेले कण नाहीत, साबण नाही, वाहक द्रव बदलण्याची सक्ती नाही. औषध ज्या द्रावणात कुपीत असते जवळजवळ त्याच द्रावणात ते फिरते. प्रतिपिंडाचा सुटा रेणू सहा ते सात स्वेडबर्ग, जुळा नऊ-दहाच्या आसपास सरकतो. नळी जे चिकटवून घेते ते येथे लपत नाही. मात्र यंत्र महाग, एका दिवसात थोडेच नमुने, आणि कुशल माणसावाचून निकालास अर्थ नाही. शिवाय फार घट्ट द्रावण यालाही सहसा मानवत नाही. म्हणून रोजच्या कामास नळी आणि नळी प्रामाणिक आहे की नाही हे पडताळण्यास केंद्रोत्सारक, अशी वाटणी रूढ झाली आहे, आणि ती योग्य आहे. नळीच्या मुखाशी अनेक कोनांतून विखुरलेला प्रकाश मोजणारे यंत्र बसवावे हा आणखी एक स्तुत्य प्रघात: विखुरण्याची तीव्रता रेणुभाराशी थेट निगडित असल्याने शिखर केव्हा आले यावरून वजनाचा तर्क करण्याची गरज उरत नाही. यूटा येथील गिडिंग्ज याने १९६६ साली सुचविलेली, कणांवाचून केवळ वाहत्या द्रवाच्या आडव्या दाबाने विभागणी करण्याची रीतही आहे. तिचा मी नुसता उल्लेख करून पुढे जातो.

या सर्व रीतींची सत्ता एका विशिष्ट सीमेपर्यंतच चालते. दशांश मायक्रॉनाहून मोठा कण नळीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकतो. डोळ्यास दिसणारा कण बराच मोठा असावा लागतो. मधला प्रदेश बराच काळ जवळजवळ बेवारस राहिला. टोचण्याच्या औषधांविषयी अमेरिकन औषधसंहितेचा जुना नियम असा, की शंभर मिलिलिटरांपर्यंतच्या कुपीत १० मायक्रॉन व त्याहून मोठे कण ६,००० पेक्षा अधिक असू नयेत आणि २५ मायक्रॉन व त्याहून मोठे ६०० पेक्षा. हा नियम मुख्यतः रक्तवाहिन्या तुंबू नयेत म्हणून केलेला. प्रथिनांचे पुंज शरीरास डिवचतात ही काळजी त्याच्या मुळाशी नव्हती. पुढे दोन मायक्रॉनांपर्यंत आणि त्याखाली पाहणारी यंत्रे आली, प्रत्येक कणाचे छायाचित्र घेऊ लागली, आणि एक गमतीदार अडचण उभी राहिली: आधीच भरून ठेवलेल्या सिरिंजांच्या आतील सिलिकॉन तेलाचे थेंब प्रथिनकणांत मिसळून मोजले जाऊ लागले. वर्तुळाकार ते तेल आणि वेडेवाकडे ते प्रथिन, असा निवाडा आता छायाचित्रावरून करतात.

प्रयोगशाळा-प्रयोगशाळांतील तंटे मिटविण्यासाठी अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१६ साली एक नमुना-प्रतिपिंड उपलब्ध केले. ते कोणत्याही रुग्णासाठी नाही. आपली नळी, आपली केशनलिका आणि आपला माणूस कितपत भरवशाचा आहे हे कोणत्याही देशातील प्रयोगशाळेने त्यावर ताडून पाहावे एवढाच त्याचा हेतू. अशी निरपेक्ष वस्तू सार्वजनिक पैशाने तयार करून ठेवणे हे मला एखाद्या नव्या औषधाइतकेच मोलाचे वाटते.

आता आपल्याकडे वळू. २००७ साली हैदराबादच्या एका औषधनिर्मात्याने रितुक्सिमाब या कर्करोगावरील प्रतिपिंडाची समरूप आवृत्ती बाजारात आणली. बंगळूरच्या बायोकॉनने ट्रास्टुझुमाबची आवृत्ती २०१४ साली भारतात आणली आणि तीच आवृत्ती अमेरिकन भागीदारासह २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्य झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संस्थेसह रेबीजवरील प्रतिपिंड सिद्ध केले, ज्याची मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅमला ३.३३ एकके आहे. घोड्याच्या रक्तजलापासून केलेल्या औषधाची ४० एकके. त्या जुन्या औषधाविषयीही कृतघ्न होण्याचे कारण नाही. घोड्याच्या प्रतिपिंडावर पेप्सिनची प्रक्रिया करून खालचा उपद्रवी भाग छाटतात आणि सुमारे एक लक्ष डाल्टनांचा दुहेरी तुकडा ठेवतात. म्हणजे जे तुटणे नव्या औषधात दोष ठरते तेच तेथे गुण म्हणून मुद्दाम घडविले जाते. आकारमान चांगले की वाईट हे आकड्यावरून ठरत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

समरूप औषध हे मूळ औषधाशी किती जुळते याचा पुरावा मोठ्या प्रमाणावर याच आलेखांत असतो: दोन्हींचे नळीतील आलेख शेजारी शेजारी, केशनलिकेतील आलेख शेजारी शेजारी, केंद्रोत्सारकातील पुंजांचे प्रमाण, आणि महिनोन्‌महिने शीतपेटीत व मुद्दाम उष्णतेत ठेवल्यानंतर त्यांत पडलेला फरक. स्वस्त औषध आणि निकृष्ट औषध यांतील सीमारेषा हे आलेख आखतात, विक्रेत्याची जाहिरात आखीत नाही. युरोपातील नियामक आपले मूल्यमापन-अहवाल प्रसिद्ध करतात, अमेरिकेतही मंजुरीनंतर परीक्षकांचे अभिप्राय वाचावयास मिळतात, आणि अशा अहवालांतून कोणत्या रीतीने काय आढळले हे जाणकारास ताडून पाहता येते. आपल्या देशात बनणाऱ्या प्रत्येक प्रतिपिंड-औषधाविषयी तितकाच विस्तृत अहवाल, निदान वरील तीन रीतींच्या आलेखांसह, कोणत्याही डॉक्टराला वा विद्यार्थ्याला विनासायास मिळावा, अशी माझी औषधनियंत्रक खात्याला आणि उत्पादकांना विनंती आहे. आणि या सभागृहात बसलेल्या प्राध्यापकांना विनंती ही, की रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पदवी देण्यापूर्वी एकच नमुना दोन निराळ्या रीतींनी मोजावयास लावावे, दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर त्याचे कारण त्याच्याकडून लिहून घ्यावे, आणि त्या लेखी कारणाला गुण द्यावेत.